पाण्याच्या वरचा दगड

सोमवार, डिसेंबर १९९८. हजर: मोजणीदार साहेब. मी, शिकाऊ. साखळीवाला एक, महाडचा. पंच म्हणून वाडीतले म्हातारबाबा. त्यांची बायको, बोलावलेली नसताना. गैरहजर: तलाठी, रजेवर.

ही नोंद माझ्याच हातची आहे. त्या काळात मी सगळ्याची यादी करत असे आणि आजही करतो. परवा कुडपणच्या रस्त्यावर आमच्या कचेरीतली एक नवीन मुलगी मोजणी करत होती, तिचं काम पाहायला गेलो होतो. एका काठीवर ताटलीएवढं, उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र बसवून ती वळणावर स्तब्ध उभी होती. दोन मिनिटांनी तिनं हातातल्या पडद्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या जागी गेली. ना साखळी, ना झेंड्या, ना आरडाओरड. ती कारवीतून वाट काढत खाली उतरली तेव्हा वाळक्या काड्या मोडल्या आणि तो वास आला. कोरडा, किंचित कडवट, उन्हात तापलेल्या गवताचा आणि मोडलेल्या कारवीचा एकत्र वास. हा वास मला एकाच उतारावर घेऊन जातो. घरी येऊन माळ्यावरची पेटी उघडली आणि ही वही काढली.

ती वाडी कुडपणच्या अलीकडे, डोंगराच्या खांद्यावर. सतरा-अठरा घरं, प्रत्येकाच्या अंगणात म्हशी, आणि घरांच्या खाली गुरचरण. गुरचरण म्हणजे सरकारी जमीन, पण गावाच्या गुरांसाठी राखलेली. त्याच्या खाली वनाची हद्द सुरू होते. या दोन्ही जमिनी सरकारच्याच, त्यामुळे मधली रेघ कुठे आहे याची कुणाला फिकीर नसेल असं मला कचेरीत बसून वाटलं होतं. वाडीत पोहोचल्यावर कळलं की त्या रेघेजवळ एक झरा आहे. डोंगराच्या कुशीतून निघणारा, मनगटाएवढ्या धारेचा, मे महिन्यातही न आटणारा. वाडीच्या म्हशी त्याच्यावर जगत होत्या. वनाच्या बाजूला लागवड येणार, कुंपण पडणार अशी बातमी होती, म्हणून वाडीनं मोजणीचा अर्ज केला होता. झरा रेघेच्या वर की खाली, एवढाच प्रश्न होता.

हद्दीचा जुना दगड कधीकाळी दरडीबरोबर गेला होता. तरी त्याची जागा माहीत असलेला एक माणूस वाडीत होता. हे म्हातारबाबा वाडीची राखण देत. दसरा झाला की हद्दीच्या प्रत्येक दगडावर नारळ फोडायचा, शिवेच्या राखणदाराला सांभाळ म्हणून सांगायचं, असा तिथला रिवाज. बाबांच्या आधी त्यांचे वडील देत, त्यांच्या आधी आजोबा. जिथला दगड गेला होता तिथेही बाबा दरवर्षी उतरून जात आणि उघड्या जमिनीवर नारळ ठेवून, शेजारच्या धोंड्यानं फोडत. ती जागा झऱ्याच्या बरीच खाली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी साहेबांना वरूनच काठीनं दाखवली.

"त्या जांभळीच्या पल्याड. पाणी आमच्यात हाय, सायेब."

साहेब चांगले होते. म्हणाले, "बाबा, तुमचं खरं असेल तर साखळी तेच सांगेल."

जुन्या टिपणात वाडीच्या देवळापाशी असलेल्या दगडापासून त्या हरवलेल्या दगडापर्यंतचं अंतर लिहिलेलं होतं. चौदा साखळ्या. साखळी तेहतीस फुटांची. देवळापासून सरळ खाली चौदा साखळ्या मोजत जायचं आणि जिथे संपेल तिथे दगड रोवायचा. पहिल्या पाच साखळ्या सपाटीवर गेल्या. पुढे उतार लागला, आणि उतारावर मोजायची एक रीत आहे जी आमच्या कामात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. टिपणातलं अंतर सपाटीचं असतं. साखळी उतारावर जमिनीला टेकवून ओढली तर तीच साखळी कमी पल्ला गाठते, कारण तिची लांबी खाली उतरण्यात खर्ची पडते. म्हणून साखळीचं एक टोक हवेत उचलून ती आडवी ताणायची, टोकाला ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे खूण करायची. मग पुन्हा तिथून पुढे. जिना उतरल्यासारखं. याला आम्ही पायऱ्या पाडणं म्हणतो. एका साखळीला तीन-चार पायऱ्या पडतात. वेळ खाणारं, खांदे भरून आणणारं काम.

ओळंबा माझ्या पिशवीत होता. सकाळीच यादीत त्याच्यासमोर खूण केली होती.

सहाव्या साखळीला आम्ही पायऱ्या पाडल्या. कारवी छातीपर्यंत, पायाखाली घसरडं गवत. साहेब वर मोजणीच्या टेबलापाशी होते, तिथून आम्ही दिसत नव्हतो. बाबांची बायको, काकीच म्हणूया, हातात कोयती घेऊन आमच्यापुढे कारवी तोडत होती आणि तिचं तोंड कोयतीपेक्षा जोरात चाललेलं.

"आरं, ही साखळी म्हशीला बांधायची का डोंगराला? एवढा येळ तर माझी म्हस विताना पन नाय लावत."

साखळीवाला महाडच्या एका ट्रकवाल्याच्या घरातला, माझ्याच वयाचा, आखातात जायचा पासपोर्ट येईपर्यंत आमच्याकडे रोजावर आलेला. तो हसून म्हणाला, "काकी, ह्याला सांगा. हा ओळंब्याशिवाय जेवत पन नाय. मी घसरून पडलो तर मलाच ओळंबा म्हणून सोडेल."

सगळे हसलो. मी घड्याळ पाहिलं. खाली पोलादपूरला जाणारी एसटी चारला होती. साडेबारा वाजून गेले होते, एका साखळीलाच अर्धा तास गेला होता, अजून आठ साखळ्या, मग दगड रोवणं, पंचनामा, सह्या. मी मनात हिशेब मांडला आणि तो बरोबर होता. पायऱ्या पाडत गेलो तर गाडी चुकते. साखळीवाला माझ्याकडे बघत होता. मी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला आणि म्हणालो, "ताण सरळ." त्यानं एकदा भुवया उडवल्या आणि साखळी जमिनीवरून ओढली. उरलेलं काम वीस मिनिटांत झालं.

चौदावी साखळी झऱ्याच्या वर संपली. पाण्याचा आवाज खालून येत होता, जेमतेम पंचवीस-तीस फुटांवरून. मी खुंटी मारली. साहेब उतरून आले, खुंटी पाहिली, झऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पायऱ्या पाडल्यास ना रे?"

"हो, साहेब."

एवढंच. साखळीवाला जांभळीकडे तोंड करून उभा राहिला. बाबा खुंटीपाशी आले, खाली वाकले, पुन्हा सरळ झाले. "सायेब, ह्यो दगड इथं नव्हता. खाली व्हता. मी राखन देतो तिथं." साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले की माणसाची आठवण सरकते, साखळी सरकत नाही. बाबांनी त्या साखळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसल. सरकार मोजतंय तर आसल," आणि पंचनाम्यावर अंगठा दिला. शाई मीच पुढे केली. आम्हाला चारची एसटी मिळाली आणि खिडकीशी जागाही मिळाली.

मला वाटायचं, चूक आणि गुन्हा यांच्यात मोठं अंतर असतं. प्रत्यक्षात ते तीस फूटही नसतं. पुढच्या आठवड्यात मी कचेरीत बसून उताराचा कोन धरून आकडे मांडले. झरा गुरचरणात येत होता, हद्द अगदी बाबांनी दाखवलेल्या जागेपर्यंत जात होती. कागद घडी घालून वहीत ठेवला. फेरमोजणीसाठी चार ओळींचा अहवाल पुरला असता, पण त्यात पहिली ओळ माझ्या खोट्याची असती, आणि मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. आधी कायम होऊ, मग बघू, असं ठरवलं. नीटनेटक्या माणसाला टाळाटाळसुद्धा क्रमवार करता येते.

दीड वर्षात कुंपण आलं, बरोबर आमच्या दगडावरून. ज्यांनी घातलं त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या हातात माझा नकाशा होता. म्हशी पाण्यासाठी दुसऱ्या घळीत तासभर उतरू लागल्या. पण वाडीत जे मोडलं ते पाण्यापेक्षा वेगळं होतं. त्या दसऱ्याला बाबांनी एक नारळ नव्या दगडावर फोडला आणि दुसरा कुंपण ओलांडून खाली, जुन्या जागी. वाडी खवळली. दोन जागी राखण म्हणजे दोन शिवा, मग राखणदारानं कुठली धरायची? आणि पाणी खरंच आपलं होतं तर अंगठा का दिलास? कुणी म्हणालं म्हातारा चळला, कुणी म्हणालं फितूर झाला. पुढच्या वर्षी राखण दुसऱ्या घराकडे गेली. तीन पिढ्यांचं काम.

हे मला खुद्द बाबांकडूनच कळलं. ते महाडला कचेरीत आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. वहाणा दाराबाहेर काढून आले होते.

"सायेब, तुमी तवा साखळी धरली व्हती. एकच इचारायचं हाय. तुमचा दगड बराबर हाय ना?"

त्या वेळी मी कायम होऊन तीन महिने झाले होते. बघू म्हणायला आता कारण उरलं नव्हतं. मी म्हणालो, "नकाशाप्रमाणे बरोबर आहे, बाबा." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांचा चेहरा सैल पडला, अगदी सुटका झाल्यासारखा, आणि हेच मला सोसत नाही. ते म्हणाले, "मंग माझंच चुकलं. बरं झालं इचारलं. उगाच लोकांशी भांडत व्हतो." मी चहा मागवला. ते बशीत ओतून प्यायले आणि निघून गेले. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ते वारले.

साखळीवाला कुवेतहून सुट्टीवर येतो तेव्हा भेटतो. एकदाच विषय निघाला. म्हणाला, "तू बोलला नाय, मी पन बोललो नाय. पन साहेबांनी तुला इचारलं होतं, भाय, मला नाय." त्याचं बरोबर आहे. नंतर आम्ही त्याच्या भावाच्या ट्रकविषयी बोललो.

आता त्या वाडीत चार घरं उघडी आहेत. बाकीची मुंबईला गेली, म्हशी विकल्या गेल्या. कुंपणाचे खांब कुजून आडवे झालेत, झऱ्यावर कुणीही जाऊ शकतं आणि जाणारं कुणी नाही. परवा त्या मुलीचं काम झाल्यावर मी तिला घेऊन त्या वाडीत गेलो आणि झऱ्याकडे उतरलो. तिनं काठी उभी केली, जुन्या टिपणाचे आकडे टाकले, आणि पडद्यावरच्या खुणेवर चालत चालत झऱ्याच्या पुढे, जांभळीच्या पलीकडे जाऊन थांबली. "सर, इथे येतोय पॉइंट. दगड वर कोणी लावला?" मी म्हणालो, "मी." तिनं मान खाली घालून नोंद केली. दुरुस्तीचा अहवाल काल लिहिला, पहिल्या ओळीसकट, आणि सही करून पाठवला. पेन्शन पक्की झालेल्या माणसाला हे धाडस फार महाग पडत नाही, याची मला कल्पना आहे.

काकी सध्या सव गावात भाचीकडे राहते. मध्यंतरी महाडच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी दिसली होती. मला ओळखलं, हात धरला. म्हणाली, "आमच्या मानसाची याद गेली व्हती शेवटाला. शीवसुदिक आठवंना. म्या पन लय बोलली त्याला, वाडी बोलली तशी. तुमी मातुर त्याला च्या पाजलात. लय सांगायचा तो." मी तिची पिशवी रिक्षापर्यंत नेली.

अहवालाची प्रत नियमाप्रमाणे बाबांच्या वाडीतल्या पत्त्यावर जाईल आणि बंद दाराखालून आत पडेल. काकीला वाचता येत नाही. तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत सगळं नीट आठवत होतं, हे तिला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. महाडहून सव रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. काल जायचं होतं, आज दिवसभर मोकळा होतो. अजून गेलेलो नाही.