अंबरीशरावांच्या मुठीतला पल्ला

अलकाताई महिनाभर नवऱ्याकडून तालीम करून घेत होत्या. साउथॅम्प्टनच्या घरातल्या लाउंजमध्ये, जुनी ओढणी खुर्चीवर टाकून. खुर्ची म्हणजे होणारा शीख जावई गुरतेज. त्याच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं, म्हणजे लांब उपरण्याचं, टोक उचलायचं आणि लेकीच्या, ईशिताच्या हातात द्यायचं, एवढंच काम. पण जन्मभर लोकांची हाडं जोडणाऱ्या डॉक्टर अंबरीशना आता शर्टाची बटणंसुद्धा आठवत नव्हती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"आई, अजयमामा देईल ना पल्ला. इट्स फाइन," ईशिता म्हणायची. पण हट्टीच बाई ती. बाप जिवंत असताना मामा कशाला?

गुरतेजच्या आईने अर्थ सांगितला होता. हे दान नव्हे. बाप टोक हातात देतो, म्हणजे आता याच्या सोबतीने चाल, मी हात सोडला. मग ग्रंथसाहिबाभोवती चार फेऱ्या. भाऊ कडेने उभे राहून बहिणीला पुढे नेतात.

ईशिताचा सख्खा भाऊ एकच, साकेत. तो तीन वर्षांपूर्वी मोटरवेवरच्या अपघातात गेला. अंबरीशना ते आठवत नसे, आणि सांगावं तर दर वेळी नव्याने कोसळत. नर्स म्हणाली, सांगू नका. तेव्हापासून अलकाताईंचं एकच उत्तर, "गाडी पार्क करतोय, येईलच." ईशिताला हे खोटं सहन होत नसे. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

लग्नाच्या दिवशी गुरुद्वारात अंबरीशनी टोक अगदी नीट उचललं. अलकाताईंचा जीव भांड्यात पडला. तोच ते थांबले.

"साकेत कुठंय?"

"गाडी पार्क करतोय. द्या तुम्ही."

"मग येऊ दे की. याचा कान कोण पिळणार?"

आपल्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. मेलं सगळं विसरले, आणि आठवलं ते नेमकं हेच. कीर्तन गाणारे रागी तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहिले. ईशिताची मान खाली होती, खांदे हलत होते. अजयमामा पुढे आला, पण अंबरीश मूठ सोडेनात.

अलकाताई उठल्या. नवऱ्याच्या कानाशी लागून हळू म्हणाल्या, "अहो, साकेत गेला. तीन वर्षं झाली. तो येणार नाही. तुम्ही दिल्याशिवाय पोरीचं लग्न लागत नाही."

अंबरीशनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला कुणी कळवलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पल्ला लेकीच्या हातात दिला. अलकाताईंना स्वतःचा इतका राग आला की पहिल्या दोन फेऱ्या त्यांना दिसल्याच नाहीत. नंतर दिसलं ते एवढंच, की ईशिताच्या मावसभावांच्या रांगेत शेवटी अंबरीश उभे आहेत, गाल ओले आहेत, आणि लेकीच्या पाठीला हात लावून तिला पुढे नेतायत.

लंगरच्या पंगतीत ते खीर चवीने खात होते. समोर नवरा-नवरी बसली होती.

"लग्न छान झालं हं," अंबरीश म्हणाले. "साकेत दिसत नाही कुठे?"

अलकाताईंनी चमचा खाली ठेवला. एकाच दिवसात तिसऱ्यांदा काय सांगायचं?

ईशिताने बाबांच्या वाटीत आणखी खीर वाढली.

"पार्किंग फुल आहे, बाबा," ती म्हणाली. "येईलच तो."