रुमाल टाकून धरलेली जागा

काल चांदवडला भाचीच्या लग्नात मंदाने माझ्यासाठी खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली, आणि मला आमचा जुना बसस्टॉप आठवला.

तेव्हा आम्ही दोघी नाशिक रोडला एकाच ऑफिसात कारकून होतो. सुटायच्या वेळी बस भरूनच यायची. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. एका संध्याकाळी चक्क दोघींची सोय झाली होती. "मंदे, चढ लवकर!" मी ओरडले. ती खालीच उभी, पदर खोचून हसत. "तू बस गं. मी जाते रोजच्यासारखी चालत."

बस सुटली. डिझेलचा, घामाचा वास होता, तरी खिडकीच्या वाऱ्यात मी राणीसारखी बसले. मागे धुळीत लहान होत जाणाऱ्या मंदाची मला कीव आली.

आता सत्तरीतही ती पंगतीत मांडी घालून बसते, हात न टेकता उठते. माझ्या गुडघ्यांना मात्र मलमाचा वास. तिला बघून नुसता जळफळाट होतो माझा.

काल खुर्चीवरचा रुमाल उचलून ती पंगतीकडे निघाली. "तू बस गं," म्हणाली.

तेव्हाही हेच म्हणाली होती मेली.