हाताने साफ केलेली फाइल

नाव-पत्त्यांच्या पुस्तिका काढणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काकांचे केस पिकले. लाल पेन कानावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सगळे त्यांना 'चाळणी' म्हणत. त्यांच्या नजरेतून चूक म्हणून निसटायची नाही. देव एकेकाला एकेक देणगी देतो. यांना दिली खरी, पण तिचं गिऱ्हाईकच उठवलं. छापखान्यात कंप्युटर आले आणि मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "पत्त्यांतल्या नको त्या रिकाम्या जागा साफ करणारा प्रोग्राम लिहून दाखवलात, तर राहा काका. नाही तर माझाही नाइलाज आहे."

घरी मुलगी शिकवायला बसली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजीची परडी बाजूला सारून.

"बाबा, अक्षरांची ही माळ म्हणजे स्ट्रिंग. तिच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा या हुकमाने छाटायच्या."

"छाटल्या."

"आता बघा."

जागा होत्या तिथेच, ढिम्म.

"अगं, हे तोंडावर हो म्हणतंय आणि करत काहीच नाही. अगदी तुझ्या मामासारखं!"

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही," भांडी विसळता विसळता बायको म्हणाली.

मुलगी हसली. "मूळ स्ट्रिंग कधीच बदलत नाही, बाबा. छाटलं की दुसरी, नवी तयार होते. ती लगेच एखाद्या नावाखाली ठेवून द्यायची. नाही ठेवली तर गेली."

नेमकं हेच त्यांच्या गळी उतरेना. खोडलं म्हणजे खोडलं, एवढंच हाताला ठाऊक. चुकीचं तसंच ठेवायचं आणि बरोबर केलेलं दुसरीकडे सांभाळायचं, हा कुठला न्याय? रोज मान डोलवायचे. सकाळी पाटी कोरी. मुलगी वैतागली की बायको म्हणायची, "बापावर ओरडू नकोस गं," आणि देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहायची.

मालकीणबाईंना प्रोग्राम दाखवायचा दिवस जवळ आला तशी त्यांनी बाईंनी दिलेली सरावाची फाइल उघडली आणि एकेक ओळ हातानेच साफ केली. मग त्या दिवशी छापखान्यात बाईंसमोर तिच्यावर प्रोग्राम चालवला. पत्ते कसे लख्ख! आपण लबाडी करतोय, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. चूक दिसली, दुरुस्त केली. जन्मभर दुसरं काय केलं होतं?

"वा काका!" मालकीणबाई मनापासून म्हणाल्या. "आता ही नवी फाइल घ्या."

प्रोग्राम चालला. सगळा कचरा जसाच्या तसा बाहेर आला.

"थांबा हं, आत्ता करतो," म्हणत त्यांनी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीतली जागा खोडली. मग दुसरीतली. मग तिसरीतली. खाली फाइल संपायचं नाव नव्हतं.

"काका, राहू द्या."

"होतंय, बाई. हे काय, होतंय."

बाईंनी कीबोर्ड हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

घरी मुलीने प्रोग्राम पाहिला. "बाबा, छाटलेलं ठेवायचंच राहिलंय. एवढीच चूक आहे. बसा, परत सांगते."

"नको गं," ते म्हणाले. "तू जेवून घे."