जाळीच्या दाराबाहेरचा कुत्रा

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ज्या कॉलेजात शिकलो, त्याच्याच आरोग्य केंद्रात मला नोंदणीचं टेबल मिळालं. त्याचे उपकार मी आजही मानतो. पण परीक्षा जवळ आली की हजेरी कमी असलेली पोरं पोट धरून यायची आणि दाखला मिळताच हसत जायची. त्यामुळे कुणी दुखणं सांगायला लागलं की मी आधी संशयानंच बघायचो.

एका सकाळी शिरड शहापूरकडच्या तांड्यावरची पहिल्या वर्षाची मुलगी आली. सोबत तांबडा गावठी कुत्रा. मी कुत्रा चावल्याची वही पुढं ओढली, तारीख टाकली आणि जखम कुठं आहे ते विचारलं. कुत्रा आणि दवाखाना यांचा दुसरा संबंध मला माहीतच नव्हता.

"चावला न्हाई, सर," ती म्हणाली. "माझ्यासंगं असतो."

तिला फिट यायची. फिट येण्याच्या थोडं आधी कुत्रा तिची ओढणी ओढायचा, मग ती जमिनीवर आडवी व्हायची. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. वसतिगृहात सांगितलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी आण, नाहीतर कुत्रा परत पाठव. कुत्र्याशिवाय आई तिला इथं ठेवणार नव्हती. चिठ्ठी नाही तर कॉलेज बंद.

मला सगळं रचलेलं वाटलं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही, हिच्या हातात कागद नाही. मी कुत्र्याला बाहेर लिंबाच्या झाडाला दोरीनं बांधायला लावलं आणि तिला बाकावर बसवलं. डॉक्टर मॅडम आतल्या खोलीत पेशंट तपासत होत्या.

जाळीच्या दारातून कुत्रा तिच्याकडेच बघत होता. अचानक तो दोरी ताणून केकाटायला लागला. ती बाकावरून उठून फरशीवर बसायला लागली.

"वर बस," मी म्हणालो. "मॅडमला दाखवायला नाटक नको."

"सर, तो सांगून राहिला."

"बाकावर."

मी सर होतो. ती बसली. मी कुत्रा चावल्याच्या वहीत टाकलेली तारीख खोडत होतो तेवढ्यात ती पडली. कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं.

मॅडम धावत आल्या, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत शेजारी बसून राहिल्या. नंतर तीन टाके घातले आणि लगेच चिठ्ठी लिहून दिली. मला एवढंच विचारलं, "ती खाली बसत होती, तर वर काहून बसवलं?"

पुढच्या महिन्यात ती गोळ्या घ्यायला आली. मी उठून जाळीचं दार उघडं धरलं. ती आणि कुत्रा, दोघंही उंबऱ्यावरच थांबली. तिनं चिठ्ठी काढून माझ्यासमोर उलगडली. मी म्हणालो, लागत नाही, ये आत.

"वाचा, सर."

मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग ती आत आली आणि बाक सोडून भिंतीला टेकून फरशीवर बसली. कुत्रा तिच्या आणि माझ्या टेबलाच्या मधे बसला. गोळ्या मिळेपर्यंत दोघांचीही नजर माझ्यावरून हलली नाही.