सभ्य मुलांचं गिल्ड

‘मॅनर्स’ हा शब्द कुणी उच्चारला की मला आजही शिसारी येते. आमच्या गिल्डला त्या शब्दाचा भारी अभिमान. गिल्ड म्हणजे ऑनलाइन गेममध्ये एकत्र लढणाऱ्यांची टोळी. आमची टोळी भिवंडीतल्याच एका सायबर कॅफेत जमलेली. दुसऱ्याची शिकार पळवायची नाही, वस्तूंची भीक मागायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, आणि लढाई अर्धवट सोडून तर मुळीच पळायचं नाही. आता भिवंडीत लाइट कितीदा जायची ते काय सांगायचं! म्हणून लीडरने नियमच काढला होता. लाइट गेली की लगेच त्याच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला तर तुमची इज्जत शाबूत, नाही आला तर तुम्ही पळपुटे.

मी खेळायचे तो गेममधला खेळाडू खरं तर दादाचा. पांढऱ्या दाढीचा वैद्य, लढाईत जखमींना बरं करणारा. दादाला दापोड्याच्या गोदामात नोकरी लागली आणि त्याने कंटाळून तो मला देऊन टाकला. कॉलेजातून आले की मी घरच्या कॉम्प्युटरवर बसायचे. हळूहळू अशी वेळ आली की रविवारच्या किल्ल्याच्या लढाईत कुणी पुढे जायचं, कुणी मागे सरायचं, हे मीच टाइप करून सांगू लागले. सगळे मला ‘उस्ताद’ म्हणत. दादाच खेळतोय असं त्यांना वाटे. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. सांगितलेलं ऐकत होते, तेवढं मला पुरे होतं.

एका रविवारी ऐन लढाईत आमच्या घरची लाइट गेली. मी लँडलाइनवरून मिस्ड कॉल दिला. कॅफेत जनरेटर होता, तिकडे लढाई चालूच. लीडरने घाबरून उलटा फोन केला, “भाई, दरवाजा टूट रहा है, काय करू?”

“आधी तिरंदाज मागे घे, मग दार सोड!” मी ओरडले.

पलीकडून साखरेत घोळलेला आवाज आला, “आप... दीदी बोल रही हो क्या?”

किल्ला वाचला. मी सांगितलं तसं केलं म्हणूनच वाचला. पण दुसऱ्या दिवसापासून सभ्यपणाला ऊतच आला. लीडरने सगळ्यांना बजावलं, “गिल्ड में लेडीज है, तमीज से बात करना.” आणि लगेच खाजगीत मला फोटो मागितला. एकाने माझ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला गुलाबी फुलांचा मुकुट भेट दिला. एकजण सगळ्यांसमोर “गुड इव्हनिंग दीदी” लिहायचा आणि खाजगीत विचारायचा, घरात काय घालून बसतेस? किळस, नुसती किळस. वर माझं कुणी ऐकेना. ‘मागे सरा’ लिहिलं की “टेन्शन मत लो दीदी” म्हणत पुढे घुसायचे.

मग मोठी लढाई आली. लीडरने दादाला फोन केला. “भाई, बहन को बोल आराम कर. संडे को तू बैठ, पहले जैसा.”

पहले जैसा! इतक्या महिन्यांत दादाने माउसला हात लावला नव्हता. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं, उस्ताद तीच होती. तो म्हणाला, “ठीक है, बैठता हूँ.”

“दादा, खरं काय ते सांग की त्यांना.”

“काय सांगू? पोरं हसतील मला. गेम तर हाय, एवढं काय त्यात?”

रविवारी तो बसला. “उस्ताद वापस आ गए!” सगळ्यांनी जल्लोष केला. उस्तादांनी लढाईभर फक्त स्वतःलाच बरं केलं. बाकीचे पटापट मेले आणि चहा निवायच्या आत किल्ला गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता तरी कळेल, असं वाटलं.

थोड्या वेळाने स्क्रीनवर लीडरचं वाक्य उमटलं, “भाई, तेरी गलती नहीं. दीदी ने पूरा कैरेक्टर बिगाड के रखा है.”

दादाने दोन बोटांनी सावकाश टाइप केलं, “हाँ यार. उसको बोला था, हाथ मत लगा.”

मी शेजारीच उभी होते. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.