आपण की आम्ही

आमच्या अर्चनावहिनीचं ऑफिस लंडनमधल्या वेम्बलीत, ईलिंग रोडवर, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर सॉलिसिटर लिहिलंय आणि त्याखाली इमिग्रेशन व हाउसिंग. फोन घेणं, आलेल्यांना बसवणं, रडत आलेल्यांना चहा देणं हे माझं काम. मी शशी, तिची नणंद. नणंदेने वहिनीच्या हाताखाली काम करावं याचं लोकांना फार नवल वाटतं. मला त्या लोकांचंच नवल वाटतं.

वहिनी आधी लंडनच्या सिटी भागातल्या एका मोठ्या फर्ममध्ये होती. तिथे सगळे ऊठसूट ‘वी’ म्हणायचे. केस वी जिंकलो, क्लायंट वी सांभाळला. ही बिचारी मनातल्या मनात त्याचं ‘आपण’ करत राहिली. तिला पार्टनर करायची वेळ आली तेव्हा साहेब गोड हसून म्हणाले, की वी तुझी फार कदर करतो, पण इतक्यात वी काही ठरवणार नाही. त्या दिवशी तिला कळलं, की तो ‘वी’ पहिल्यापासून ‘आम्ही’ होता. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे फसायला सोपं. तिने राजीनामा दिला. मला त्या साहेबाचा आजही राग येतो. तिला येत नाही, याचाही येतो.

तेव्हापासून दर शनिवारी ती वकील होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवते. ज्यांच्या घरात कुणी वकील पाहिलेला नाही अशी ही मुलं. सोमाली, बांगलादेशी, लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांची. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बसायचं, आणि हो, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक. तो ती फळ्यावर लिहून समजावते. समोरचा ‘वी’ म्हणाला, की त्यात आपण धरलेले आहोत का ते आधी तपासा, असं सांगते.

मारिसोल त्यांच्यातलीच. आईवडील कोलंबियाचे, घर उत्तर लंडनमधल्या सेव्हन सिस्टर्सला. वकिलीच्या सगळ्या परीक्षा पास, पण कुणा सॉलिसिटरच्या हाताखाली दोन वर्षं ट्रेनिंग केल्याशिवाय सनद मिळत नाही, आणि हिला कुणी घेईना. एका फर्मने दुभाषी म्हणून ठेवून घ्यायची तयारी दाखवली, वर उपकार केल्यासारखं बोलले.

२००३ साली वहिनीला एक ट्रेनी घेणं शक्य झालं. एकच. मारिसोलला तिने स्वतःहून अर्ज करायला सांगितलं. त्याच सुमारास हॅरोहून माझ्या थोरल्या भावाचा, मुरलीधरदादाचा फोन आला. त्याचा यशोधनही वकिली शिकलेला आणि त्यालाही जागा हवी होती. दादाने विचारलं नाही, सांगितलं. वहिनीचा नवरा, म्हणजे माझा दुसरा भाऊ पद्माकर, दादाच्या आधाराने या देशात उभा राहिलेला, तो दादापुढे तोंड उघडत नाही. वहिनी ‘बघते’ म्हणाली. आमच्या घरात सुनेचं ‘बघते’ म्हणजे होकारच.

मारिसोल भेटायला आली तेव्हा आतलं दार उघडंच होतं. वहिनी बराच वेळ गोल गोल बोलली. ऑफिस लहान आहे, दिवस बरे नाहीत. मग म्हणाली, “वी हॅव टु थिंक अबाउट इट.”

मारिसोलने हळूच, मराठीत विचारलं, “आपण, की आम्ही?”

वहिनीचा चेहरा उतरला. खोटं बोलणं किती सोपं होतं.

“आम्ही,” वहिनी म्हणाली.

मारिसोलने बॅग उचलली. वहिनीने तिला थांबायची खूण केली आणि तिथल्या तिथे हॅरोला फोन लावला.

“भाऊजी, यशोधनला मी घेऊ शकत नाही. ही जागा मी दुसऱ्या मुलीला देतेय.”

दादाचा आवाज मला दाराबाहेर ऐकू येत होता. पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस, असं तो म्हणाला. वहिनी ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवून तिने मारिसोलला इंग्रजीत सांगितलं, सोमवारपासून ये. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ सोडले तर मारिसोलला मराठीचं अक्षर कळत नाही.

यशोधनला पुढे काही महिन्यांतच दुसरीकडे जागा मिळाली. तो मजेत आहे. मारिसोललाही सनद मिळाली आणि ती आमच्याकडेच राहिली. दादा मात्र विसरला नाही. घरचा गणपती त्याच्याकडे बसतो, पद्माकर आणि मी जातो. लग्न झाल्यापासून तिथले मोदक वहिनीच्या हातचे असायचे. आता त्या दिवशी ती ऑफिसात फायली बघत बसते, आणि मारिसोलने विचारलं तर माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही म्हणते.

यंदा मी निघताना मारिसोल म्हणाली, की अर्चना नशीबवान आहे, तिला घरचे कशाचीच जबरदस्ती करत नाहीत.

मी पर्स घेऊन जिना उतरले. तिला काही न सांगण्याची वहिनीने मला शपथ घातली आहे.