अकराचा लाल दिवा

अड्याळच्या रत्नमालेचं कामच मुळी दुसऱ्यांचं नेट दुरुस्त करायचं. मागल्या खोलीत दार-खिडकी लावून, कानाला हेडफोन अडकवून ती दिवसभर गोड आवाजात सांगायची, "राउटर बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा." खोलीत दुसरा आवाज नको, ही कंपनीची अट. आणि हिचंच नेट महिन्यात तीनदा बसलं, तेही ऐन कॉलमध्ये, सकाळी अकराच्याच सुमाराला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

चौथ्यांदा कॉल तुटला किंवा सुटला की काम बंद, असं कंपनीनं लेखी कळवलं होतं. काम गेलं तर अड्याळात दुसरं कोण देणार? नवरा जीवन नागपुरात, रविवारचा पाहुणा. तो सरळ "सोड" म्हणून मोकळा होणार. तिनं प्लग बदलला, वायर बदलली, लोखंडी कपाटावरचा राउटर फळीवर नेला. लाइनवाला योगेंद्र यायचा दुपारी तीनला, तोवर राउटरचा लाल दिवा पुन्हा हिरवागार. "सब ठीक आहे, वहिनी," म्हणून तो चहा पिऊन जायचा.

आज अकराला दिवा पुन्हा लाल झाला. नशीब, कॉल चालू नव्हता. एरवी ती कपाळ धरून पुढच्या वट्यावर जाऊन बसायची. आज चिडून तारेच्या मागं मागं निघाली, ती थेट परसात. तिथं तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, भिजलेली गोधडी त्या काळ्या तारेवर पसरत होत्या. तार गुडघ्यापर्यंत वाकली होती.

"आई, नेटची तार होय ते!" रत्नमालेनं गोधडी खाली ओढली.

"मले मालूम आहे. योगेंद्र सांगून गेलता पहिल्याच दिवशी. आत काचेचा धागा आहे म्हने, वजन टाकू नोका."

"मंग काहून टाकलं? माहं काम जाऊन राहिलं ना!"

सत्यभामाबाई पदराला हात पुसत राहिल्या. "दिवा लाल झाला का तू बाहेर येतेस. वट्यावर बसतेस, चाय मांगतेस. नाई त सकाळी लागलेलं दार संध्याकाळीच उघडते. ढोरं होती तवा ढोरासंग बोलत होती मी. आता कोनासंग बोलू?"

रत्नमालेनं खाली पडलेली गोधडी उचलून त्यांच्या हाती दिली. राग होताच, पण रडूही आलं. दोन मिनिटं त्यांच्यापाशी बसावं असं फार वाटलं. तेवढ्यात आत हेडफोन वाजू लागला. दिवा हिरवा झाला होता, आणि हा कॉल सुटला तर तोच चौथा. ती धावत आत गेली आणि तिनं दाराला कडी घातली.

"नमस्कार, मी रत्नमाला. तुमची काय अडचण आहे? सावकाश सांगा, मी ऐकते आहे."

दाराबाहेर सत्यभामाबाई ओली गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.